पाटणच्या हिति आणि माझा सहा रकान्यांचा तक्ता

फील्डवर्कला पहिल्यांदा जाणाऱ्यांचा एक प्रश्न हमखास येतो : "ताई, नोंदींचा तक्ता आधीच तयार करून न्यायचा की तिथे जाऊन बनवायचा?" माझं उत्तर असं की आधीच तयार करा, पण पेनाने नाही, पेन्सिलने. हे उत्तर मला कुठल्याही संशोधन पद्धतीच्या पुस्तकात सापडलं नाही. ते नेपाळमधल्या पाटण शहरात, एका दिवसाच्या पायपिटीत मिळालं. आज त्या दिवसाबद्दल आणि त्या शहराच्या पाण्याच्या इतिहासाबद्दल लिहिते.

पाटण म्हटलं की आपल्याला आधी कोयनेकाठचं पाटण आठवतं, नाहीतर गुजरातमधलं, राणीच्या वावेचं. हे तिसरं पाटण काठमांडूच्या दक्षिणेला, बागमती ओलांडली की लगेच लागतं. संस्कृतमध्ये ललितपूर, नेवार लोकांच्या नेपाळभाषेत यल. आज ते काठमांडूला इतकं चिकटलेलं आहे की वेगळं शहर वाटत नाही, पण ही एकेकाळी स्वतंत्र राजधानी होती. १४८२ मध्ये यक्ष मल्ल वारला आणि त्यानंतर खोऱ्यात कांतिपूर (म्हणजे काठमांडू), भक्तपूर आणि ललितपूर अशी तीन राज्यं झाली. १७६८ मध्ये गोरखाच्या पृथ्वीनारायण शहाने काठमांडू आणि पाठोपाठ पाटण घेतलं, पुढच्या वर्षी भक्तपूर पडलं. मधली जवळजवळ तीनशे वर्षं ही तीन सख्खी भावंडं देवळं, राजवाडे आणि पाणी या तिन्हींत एकमेकांशी चढाओढ करत होती.

मी भूशास्त्रात एमएस्सी केलं आणि आता झरे आणि उथळ भूजल यावर पीएचडी करते आहे. एका प्रशिक्षणासाठी काठमांडूला जाणं झालं, मध्ये एक दिवस मोकळा होता. पाटणमधल्या 'हिति' म्हणजे जमिनीखालच्या चौकात वाहणाऱ्या दगडी धारा बघायच्या हे ठरलेलं होतं. त्यासाठी मी छान तक्ता बनवला होता. सहा रकाने : प्रकार, बांधकामाचं वर्ष, मालक, पाण्याचा स्रोत, चालू की बंद, पाण्याची गुणवत्ता. सोबत जीपीएस आणि पाण्याची विद्युतवाहकता मोजणारं खिशातलं मीटर. दिवसाला पंधरा ठिकाणं करायची असा हिशोब होता.

एका ओळखीच्या माणसाने तिथल्या एका गृहस्थांची गाठ घालून दिली. साठीच्या आसपासचे, ओकुबहालच्या बाजूला राहणारे, घरात पिढ्यानपिढ्या धातूच्या मूर्ती ओतण्याचं काम. हल्ली डोळे साथ देत नाहीत म्हणून कोरीवकाम सोडलं आणि लोकांना गल्ल्या दाखवायला लागले. मी त्यांना 'दाइ' म्हणायचं ठरवलं. ते मला पहिल्याच वाक्यात 'नानी' म्हणाले तेव्हा मी दचकलेच! मग कळलं की तिकडे नानी म्हणजे आजी नव्हे, लहान मूल. दाइंची नेपाळी वळणाची हिंदी आणि माझी मराठी वळणाची हिंदी, यांत आमचं बरं चाललं.

रकाना पहिला : प्रकार

पाटण ढोका, म्हणजे शहराची जुनी वेस, इथून आम्ही आत शिरलो. मी तक्त्यात 'प्रकार' या रकान्याखाली आधीच लिहून ठेवलं होतं : पायऱ्यांची विहीर. फोटो बघून मला तसंच वाटलं होतं. पायऱ्या उतरायच्या, खाली चौकोनी खड्डा, भिंतीत कोरीव मूर्ती. म्हणजे आपली बारवच की.

पहिल्याच हितित उतरल्यावर दाइंनी विचारलं, "पाणी कुठे आहे?"

पाणी भिंतीतून येत होतं. पायाखाली साठलेलं नव्हतं. फरशीवर पडून कोपऱ्यातल्या मोरीतून निघून जात होतं.

हा फरक दिसायला छोटा आहे, पण त्यात सगळं आलं. बारवेत आपण पाण्याच्या पातळीपर्यंत खाली उतरतो. पाणी उन्हाळ्यात खाली गेलं की आणखी चार पायऱ्या उतरतो. हितित आपण खाली उतरतो ते पाण्याला आपल्यापर्यंत उताराने वाहत येता यावं म्हणून. वरच्या अंगाचं पाणी जमिनीखालच्या बंदिस्त नळीतून फक्त गुरुत्वाकर्षणाने येतं. धारेचं तोंड जमिनीच्या पातळीखाली ठेवलं तरच ते बाहेर पडेल. म्हणून खड्डा. पंप नाही, रहाट नाही, पोहरा नाही. आणि धारेखाली कळशी लावायची तर धार कमरेच्या वर हवी, म्हणून खड्डा आणखी खोल. वाहून गेलेलं पाणीही वाया जात नाही. ते खालच्या अंगाच्या हितिकडे, तळ्याकडे किंवा शेताकडे जातं.

ही नळी विटांची, भाजलेल्या मातीची किंवा लाकडाची असते आणि काळ्या चिकणमातीने ती गळतीबंद करतात. ही काळी माती कुठली? इथे भूशास्त्र कामाला येतं. काठमांडूचं खोरं हे एकेकाळचं सरोवर आहे. त्याच्या तळाशी साठलेला काळा गाळ आजही शहराखाली आहे, कालीमाटी या नावाने. लोककथा सांगते की मंजुश्रीने तलवारीने चोभारचा डोंगर कापला आणि सरोवराचं पाणी सोडलं. बागमती आजही त्याच चोभारच्या घळीतून खोऱ्याबाहेर पडते. वाळूचे थर पाणी धरतात, चिकणमातीचे थर ते अडवतात, आणि त्या दोन्हींचा उपयोग करून इथल्या लोकांनी हजार-दीड हजार वर्षांपूर्वी शहर वसवलं.

दाइंना हे सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे मंजुश्रीची गोष्ट तुमच्या पुस्तकातही आहे."

मी पहिला रकाना खोडला. पायऱ्यांची विहीर नव्हे, तळघरातला नळ.

रकाना दुसरा : बांधकामाचं वर्ष

दरबार चौकात राजवाड्याच्या उत्तर टोकाला, भीमसेन मंदिराजवळ मंग हिति आहे. हिला मणिधारा असंही म्हणतात. तीन धारा, प्रत्येकीचं तोंड मकराचं. इथलं साल इ.स. ५७० हे लिच्छवीकालीन शिलालेखामुळे मिळालं आहे. म्हणजे आपल्याकडे बदामीच्या चालुक्यांचं राज्य नुकतंच उभं राहत होतं, त्या काळातली ही धारा, आणि ती अजून वाहते आहे. लोक प्लास्टिकचे कॅन घेऊन रांगेत उभे होते.

मी लगेच '५७०' लिहिलं. दाइ म्हणाले, "नानी, काय ५७० चं? खड्डा? दगड? तोंड? पाणी?"

मग ते एकेक दाखवत गेले. ही फरशी नंतरची वाटते बघा. हा दगड दुसऱ्या कुठल्या तरी बांधकामातून आणून बसवलेला. धारेखाली उभी असलेली छोटी मूर्ती कोणाची ओळखलीस का? भगीरथाची. खोऱ्यातल्या कितीतरी हितिंमध्ये धारेखाली भगीरथ असतो. आपण 'भगीरथ प्रयत्न' हा शब्द भाषणातच वापरतो. इथे तो रोज ओल्या पायाने उभा आहे. वर पायऱ्यांच्या दोन बाजूंना मणिमंडप. २०१५ च्या भूकंपात हे मंडप कोसळले आणि नंतर पुन्हा उभे केले. त्यांचं साल काय लिहायचं?

हा प्रश्न केवळ शब्दच्छल नाही. काठमांडूच्या काष्ठमंडपाचं उदाहरण घ्या, ज्याच्यावरून शहराला नाव मिळालं. तो बाराव्या शतकातला असं अनेक वर्षं मानलं जात होतं. २५ एप्रिल २०१५ च्या ७.८ तीव्रतेच्या भूकंपात तो जमीनदोस्त झाला. त्यानंतर पुरातत्त्वज्ञांनी पायाचं उत्खनन केलं तेव्हा पाया सातव्या शतकापर्यंत मागे गेला. म्हणजे वास्तू पडली तेव्हा तिचं वय पाचशे वर्षांनी वाढलं!

हितिंचंही तसंच आहे. लिच्छवी काळातली जागा, मल्ल काळातली मूर्ती, १९३४ च्या भूकंपानंतरची डागडुजी, परवाचं सिमेंट. आमच्या शास्त्रात एकाच खडकाची दोन वयं असू शकतात, स्फटिक तयार झाल्याचं वेगळं आणि खडक पुन्हा तापून बदलल्याचं वेगळं. हे मी दुसऱ्या वर्षाच्या मुलांना शिकवते. पण तक्ता करताना माझ्या डोक्यात आलं नाही. आता त्या रकान्याचे तीन झाले : सर्वांत जुना लेखी पुरावा, आज दिसणाऱ्या कोरीवकामाचा काळ, शेवटची दुरुस्ती.

एक उदाहरण याच्या उलटही आहे, ते सांगायलाच हवं. राजवाड्याच्या सुंदरी चौकातली तुषा हिति ही सतराव्या शतकाच्या मध्यावरची, सिद्धिनरसिंह मल्लाच्या काळातली. १६३७ मध्ये दरबार चौकातलं दगडी कृष्णमंदिर बांधणारा तोच हा राजा. तिथे आतल्या भिंतींवर देवतांच्या लहान मूर्तींच्या रांगाच रांगा आहेत, आणि ती सगळी वास्तू एका राजाच्या एका कल्पनेतून उभी राहिलेली आहे. तिथे एकच साल शोभतं. म्हणजे राजाने स्वतःसाठी केलेली गोष्ट एका सालात मावते. लोकांनी वापरलेली मावत नाही.

रकाना तिसरा : मालक

नागबहाल हा मोठा चौक. 'बहाल' म्हणजे मुळात बौद्ध विहार. भोवती घरं, मध्ये मोकळी जागा, चैत्य, विहीर. पाटणची वस्ती अशा चौकांची बनलेली आहे. एका चौकातून बोळातून वाकून गेलं की दुसरा चौक. दाइंच्या मागून जाताना मला दिशाच कळेना, आणि जीपीएसलाही कळत नव्हती.

इथे पोचलो तर माणसांची गर्दी. विहिरीत दोघं उतरलेली, वर दोरावर चार जण, बादल्यांनी गाळ वर येतोय, बाया बाजूला बसून वाटलेली डाळ फेटतायत. ज्येष्ठ शुद्ध षष्ठी होती, नेवारांचा सिथि नखः. त्या दिवशी विहिरी, हिति, तळी साफ करायची. मग उडदाचे 'वः' खायचे. आपल्या वड्यासारखेच, पण तव्यावर केलेले. दाइ म्हणाले, विहिरीत नाग राहतात, आणि या एका दिवशी ते आपल्या देवाला गेलेले असतात, म्हणून उतरायला हरकत नाही.

मी वहीत लिहिलं : पावसाआधीचे शेवटचे दिवस, पाण्याची पातळी वर्षातली सर्वांत खाली, गाळ काढायला हीच योग्य वेळ. दोन्ही स्पष्टीकरणं एकाच तारखेवर येऊन थांबतात. पण म्हणून "बघा, पूर्वजांचं विज्ञान!" असं लिहून मोकळं होऊ नका. नागांची गोष्ट सांगणाऱ्याला पाण्याच्या पातळीचा आलेख ठाऊक होता याचा पुरावा आपल्याकडे नाही. एवढंच म्हणता येतं की तारीख पक्की ठेवल्यामुळे काम दर वर्षी होत राहिलं.

ते काम करतं कोण? मी तक्त्यात 'मालक' विचारलं होतं आणि कंसात पर्याय दिले होते : सरकारी, खासगी, देवस्थान. दाइ म्हणाले, "गुठी लिही."

गुठी हा शब्द संस्कृत 'गोष्ठी'वरून आला. आपला 'गोष्ट' हा शब्दही तिथलाच. लिच्छवी शिलालेखांत दिवा, धूप, पाणी अशा एकेका कामासाठी नेमलेल्या गोष्ठींचे उल्लेख आहेत. पद्धत अशी : कोणी तरी जमीन दान करायची, त्या जमिनीच्या उत्पन्नातून एखादं सार्वजनिक काम कायम चालावं. धारा दुरुस्त ठेवणं, जत्रा काढणं, देवळाची पूजा, प्रेतसंस्कार. काम करणाऱ्यांच्या पाळ्या घराण्यांत वाटलेल्या असतात. यात 'मालक' कोण? दान देणारा नाही, वापरणारा नाही, दुरुस्ती करणाराही नाही.

पाटणच्या पाण्याचा इतिहास एका परीने या गुठींचा इतिहास आहे. खोऱ्याच्या दक्षिणेला, टीकाभैरवच्या बाजूने राजकुलो म्हणजे राजाचा कालवा शहराकडे येत असे. वाटेत शेती भिजायची, शहराच्या वरच्या अंगाची तळी भरायची, तळ्यातून पाणी वाळूच्या थरात मुरायचं आणि हितिच्या नळीत यायचं. ही साखळी कुठेही तुटली तर खालच्या बाजूची धार आटते. म्हणजे डोंगरपायथ्याच्या शेतकऱ्यापासून चौकातल्या बाईपर्यंत सगळ्यांनी आपापला वाटा उचलायला हवा.

साखळी एका फटक्यात तुटली नाही. राजधानी काठमांडूला गेली, पाटणचा राजाश्रय संपला. १८९० च्या दशकात राणा पंतप्रधान बीर शमशेर याने काठमांडूत नळाचं पाणी आणलं, आणि हळूहळू 'चांगलं पाणी' म्हणजे नळाचं असं झालं. १९६४ मध्ये गुठी संस्थान स्थापन होऊन अनेक गुठींच्या जमिनी सरकारी कारभाराखाली आल्या. जमीन गेली की उत्पन्न गेलं, उत्पन्न गेलं की दुरुस्ती राहिली. त्यानंतर शहर वाढलं, कालव्यावर रस्ते आले. लगनखेलच्या सप्तपाताल पोखरीसारख्या तळ्यांवर अतिक्रमणं झाली. पाणी मुरायच्या जागाच काँक्रीटखाली गेल्या.

पण गुठी मेली असंही समजू नका. २०१९ च्या जूनमध्ये सरकारने नवं गुठी विधेयक आणलं तेव्हा काठमांडूत हजारो लोक रस्त्यावर उतरले, आणि सरकारला ते मागे घ्यावं लागलं. दाइ त्या मोर्चात होते. "धातूचं काम बंद ठेवून गेलो होतो," म्हणाले.

रकाना चौथा : पाण्याचा स्रोत

कुंभेश्वराचं पाच मजली मंदिर पाटणच्या उत्तर भागात आहे. आवारातल्या कुंडात गोसाईकुंडाचं पाणी येतं अशी श्रद्धा. गोसाईकुंड म्हणजे उत्तरेला ४३८० मीटर उंचीवरचं तळं. तिथे कोणाच्या तरी हातून पडलेला कुंभ इथे वर आला, अशी कथा. श्रावणी पौर्णिमेला, म्हणजे आपल्याकडे नारळी पौर्णिमा असते तेव्हा, इथे जानवं बदलायला आणि स्नानाला गर्दी उसळते. ज्यांना डोंगरावर जाणं झेपत नाही त्यांना इथे तेच पुण्य.

माझ्यातली भूशास्त्रज्ञ लगेच जागी झाली. गोसाईकुंडाचं पाणी त्रिशूलीत जातं. पाटण बागमतीच्या खोऱ्यात आहे. मध्ये डोंगररांग. मी हे दाइंना नकाशा काढून समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "बरोबर असेल. पण मी तुला हे सांगितलं ते पाणी कुठून येतं म्हणून नाही, लोक कुठून आलं म्हणतात म्हणून."

हा धडा होता. मी एकाच रकान्यात दोन प्रश्न कोंबले होते. पाणी प्रत्यक्षात कुठून येतं, हे समस्थानिकांच्या आणि रसायनांच्या चाचणीने ठरेल. लोक त्याला कुठलं मानतात, हे विचारून ठरेल. दुसऱ्या उत्तराने पहिला प्रश्न सुटत नाही, तसंच पहिल्याने दुसरा खोटा ठरत नाही. कुंडाला पावित्र्य मिळालं म्हणून ते बुजवायची कोणाची हिंमत झाली नाही, हा परिणाम मात्र खरा आहे आणि तो इतिहासात मोजावा लागतो.

याच संदर्भात आपल्याला जवळची गोष्ट. पाटणचा सर्वांत मोठा उत्सव रातो मच्छिंद्रनाथाच्या रथाचा. हो, आपल्या नवनाथांतलेच मच्छिंद्रनाथ. पण इथे ते पावसाचे देव, बुंग द्यः, आणि बौद्धांसाठी करुणामय लोकेश्वर. कथा अशी की गोरखनाथ नागांना खाली दाबून ध्यानाला बसले आणि बारा वर्षं पाऊस पडला नाही. राजा नरेंद्रदेव, एक तांत्रिक आणि एक शेतकरी मिळून मच्छिंद्रनाथांना कामरूपाहून घेऊन आले. गुरू आले म्हणून गोरखनाथ उठून उभे राहिले, नाग सुटले, पाऊस आला. नरेंद्रदेव हा सातव्या शतकातला लिच्छवी राजा, ऐतिहासिक पुरुष. कथेवरून दुष्काळाचं साल काढता येत नाही. पण पाणी आणायला राजा, पुरोहित आणि शेतकरी तिघंही लागले, ही आठवण शहराने जपून ठेवली आहे.

रकाना पाचवा : चालू की बंद

हा रकाना सर्वांत सोपा वाटला होता. धार पडते की नाही, बस्स.

खोऱ्यातल्या हितिंची मोजणी अनेकदा झाली आहे. २००८ च्या सुमाराच्या पाहणीत ३८९ धारा नोंदल्या गेल्या. २०१९ च्या पाहणीत हाच आकडा ५७३ झाला. अकरा वर्षांत हिति वाढल्या का? अर्थातच नाही. शोध जास्त बारकाईने झाला, व्याख्या बदलली, हरवलेल्याही मोजल्या गेल्या. दोन वेगळ्या पाहण्यांचे आकडे घेऊन थेट आलेख काढणाऱ्यांनी इथे जरा थांबावं.

अल्को हितिपाशी आम्ही बसलो. इथल्या रहिवाशांनी एक साधी गोष्ट केली. रात्रभर धार वाहून पाणी निघून जायचं. त्यांनी ते टाकीत साठवायला सुरुवात केली आणि आसपासच्या घरांना नळाने द्यायला लागले. आता ही हिति 'चालू' म्हणायची की नळयोजनेचा 'स्रोत'? काही हिति फक्त पावसाळ्यात वाहतात. काहींना महापालिकेचा नळ जोडलेला आहे. धार पडते, पण ती हितिची नाही. दाइ तर म्हणाले, "काही ठिकाणी पाणी आहे, पण कोणी भरत नाही. तिला तू काय म्हणशील?"

कुठली धार कधी आटली हे मात्र त्यांना तोंडपाठ होतं. अमुक घराचा पाया खणला त्या महिन्यात. अमुक गटार टाकलं त्या हिवाळ्यात. हे आमच्यासाठी सोनं आहे. जमिनीखालच्या नळ्यांचे नकाशे सहसा मिळत नाहीत, पण कुठे खणल्यावर कुठली धार आटली याची यादी केली, तर नळीचा मार्ग साधारण आखता येतो.

रकाना सहावा : गुणवत्ता

शेवटी मीटर बाहेर काढलं. एका हितिच्या धारेखाली बुडवलं, आकडा जास्त आला. दाइ शेजारी ओंजळीने पाणी पीत होते. त्यांनी विचारलं, "तुझं यंत्र काय म्हणतं?"

विद्युतवाहकता म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार. जुन्या सरोवराच्या गाळातून आलेल्या पाण्यात क्षार असू शकतात, आणि सांडपाणी मिसळलं तरीही आकडा वाढतो. मीटरला दोन्हींतला फरक कळत नाही. त्यासाठी नायट्रेट, क्लोराइड आणि जिवाणूंची चाचणी लागते. पण काठमांडू खोऱ्यातल्या दगडी धारांच्या पाण्यात मलजन्य जिवाणू सापडल्याचे अभ्यास मी वाचले होते. मी सरळ सांगितलं : पूजेला, धुण्याला वापरा, पण उकळल्याशिवाय पिऊ नका. ते काही बोलले नाहीत. ओंजळीतलं उरलेलं पाणी सोडलं आणि हात पुसले.

मला फार वाईट वाटलं. दिवसभर त्यांनी मला दिलं होतं आणि मी बदल्यात ही बातमी दिली. न सांगणं मात्र चूक ठरलं असतं.

संध्याकाळी ते मला आपल्या घरच्या चौकात घेऊन गेले. तिथली विहीरही त्या दिवशी साफ झाली होती. मी वाकून बघितलं तर तळ कोरडा. शेजारी उंच इमारत झाली, खोल पाया गेला, तेव्हापासून पाणी नाही, टँकर येतो. मेलम्चीचं पाणी २०२१ च्या मार्चमध्ये काठमांडूत पोचलं तेव्हा सगळ्यांना वाटलं सुटलो, पण जूनमध्येच पुराने त्या योजनेचं मुख्य बांधकाम गाडलं.

"पाणी नाही तर साफ कशाला करता?" मी विचारलं.

"आलं तर कुठे येईल?" ते म्हणाले, आणि वः खायला वाढले.

तक्त्याबाहेरचा सातवा रकाना

निघताना दाइंनी विचारलं, "तू हे लिहिशील. त्यात माझं नाव येणार का?"

मला उत्तर देता आलं नाही. एमएस्सीच्या प्रबंधात मी सह्याद्रीतल्या एका झऱ्याबद्दल लिहिलं होतं. झरा कधी वाहतो, कधी आटतो हे सगळं एका आजींनी सांगितलेलं. मी लिहिलं, 'स्थानिकांच्या सांगण्यानुसार'. एवढंच. आजींना तो प्रबंध कधी दाखवलाही नाही. मीटरच्या कंपनीचं आणि मॉडेलचं नाव मात्र त्यात बिनचूक होतं.

पाटणहून आल्यावर मी नोंदी हिंदीत लिहून दाइंना पाठवल्या. त्यांनी दोन चुका काढल्या. एक तर ठिकाणाचीच होती, मी दोन चौकांची अदलाबदल केली होती. पुढे यातून काही प्रसिद्ध झालं तर त्यांचं नाव माहितीचा स्रोत म्हणून कसं द्यायचं हे आम्ही फोनवर ठरवलं. इथे नाव दिलेलं नाही, कारण संमती त्या कामापुरती घेतली आहे. संमती म्हणजे एकदा घेतली आणि सगळीकडे चालली असं नसतं, हेही ध्यानात ठेवा.

तुमच्यापैकी जे यंदा फील्डला निघालेत त्यांच्यासाठी, थोडक्यात :

तक्ता न्या, पण प्रत्येक रकान्याशेजारी 'हा प्रश्न इथे लागू होतो का' यासाठी जागा सोडा. 'वर्ष' विचारताना कशाचं वर्ष ते लिहा. 'मालक' या शब्दाऐवजी दुरुस्ती कोण करतं, खर्च कोण करतं, वापरतं कोण, असे तीन प्रश्न विचारा. मोजलेलं आणि सांगितलेलं वेगवेगळ्या रकान्यांत ठेवा, आणि सांगणाऱ्याचा रकाना रिकामा सोडू नका. दिवसाला पंधरा ठिकाणांचा हिशोब करू नका. मी त्या दिवशी सहाच केली.

पुढच्या महिन्यात मी त्या आजींच्या गावी जाते आहे, प्रबंधाची प्रत घेऊन. प्रबंध इंग्रजीत आहे, त्यामुळे झऱ्याची पानं मराठीत लिहून काढायला घेतली आहेत. लिहिताना लक्षात आलं की 'स्थानिकांच्या सांगण्यानुसार' हे वाक्य त्यांच्यासमोर वाचता येणार नाही. ते आधी बदलते.